दयेच्या दारामागे

गोव्याच्या २००३ सालच्या बालक कायद्यात एक कलम आहे, ते वाचताना मनुष्य क्षणभर थबकतो. छायाचित्रे धुऊन देणाऱ्या दुकानदाराला आपल्याकडे आलेल्या फितीत लहान मुलांची अश्लील चित्रे आढळली, तर त्याने ती गोष्ट जवळच्या पोलीस ठाण्याला कळविलीच पाहिजे, असा त्या कलमाचा आशय आहे. कायद्याची भाषा सामान्यतः फार वरून बोलते. ती कोणा एका गल्लीत किंवा एका दुकानात शिरत नाही. येथे मात्र ती थेट छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत उतरली आहे. कायदा असा बारकाईने बोलू लागला, म्हणजे त्याच्यामागे एखादी घडलेली गोष्ट असावयाची. या कलमामागेही ती आहे.

मडगावजवळ फातोर्ड्याला फ्रेडी पीट्स नावाचा एक गृहस्थ अनाथ मुलांचा आश्रम चालवीत असे. आश्रमाचे नाव होते ‘गुरुकुल’. निराधार मुलांना पोटाशी धरणारा उदार वृद्ध, अशी त्याची ख्याती होती. परदेशातून पाहुणे येत, देणग्या येत. एप्रिल १९९१ मध्ये पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली, तेव्हा मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे सापडली. शिवाय त्यांच्या मूळ काचफिती, औषधे आणि सुया. आश्रम म्हणजे मुलांच्या देहांचा बाजार होता, आणि जे पाहुणे येत ते त्या बाजाराचे गिऱ्हाईक होते, हे हळूहळू उघडकीस आले.

त्या छायाचित्रांच्या संख्येवर जरा थांबावेसे वाटते. दोन हजार चित्रे काही एका दिवसात निघत नाहीत. इतकी वर्षे हा उद्योग चालला, त्या वर्षांत त्या घराला शेजार होता, मुलांना शाळा होती, आजारी पडल्यावर त्यांना पाहणारा कोणी वैद्य असेल, सणावाराला खाऊ घेऊन येणारी माणसे असतील. कोणालाच काही दिसले नाही काय? माझ्या समजुतीप्रमाणे पुष्कळांना थोडेथोडे दिसले असावे. परंतु ज्या माणसाला आपण दयाळू म्हणून एकदा ठरविले, त्याच्याविषयी शंका घेणे हेच पाप वाटू लागते. दयेचा दरवाजा मोठा भक्कम असतो. तो आतून लागलेला असला तरी बाहेरच्यांना उघडाच भासतो.

अटक झाली म्हणून न्याय झाला, असे मात्र नव्हते. एवढे प्रकरण एका आश्रमचालकाच्या दुर्वर्तनाचे म्हणून मिटून जाण्याचा संभव पुष्कळ होता. ते मिटू दिले नाही, त्याचे श्रेय मोठ्या अंशाने शीला बारसे यांच्याकडे जाते. बारसेबाई मुंबईच्या पत्रकार. तुरुंगातील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी त्यांनी न्यायालयाची पायरी चढण्याचे व्रतच घेतले होते. पोलीस कोठडीतील स्त्रियांना मारहाण होते, अशी त्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. अर्माइटी देसाई यांना तुरुंगात जाऊन स्त्री-कैद्यांशी बोलावयास सांगितले होते. १९८३ चा निकाल त्या अहवालाच्या आधाराने लागला. पुढे १९८६ मध्ये देशभरच्या तुरुंगांत मोठ्या कैद्यांबरोबर डांबलेल्या मुलांचा प्रश्न बारसे यांनीच न्यायालयापुढे नेला. अशा बाईंच्या दृष्टीला गोव्याचे प्रकरण पडले, तेव्हा त्यांनी ते सोडले नाही. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, मुले साक्षीला उभी राहिली, आणि मार्च १९९६ मध्ये मडगावच्या सत्र न्यायालयाने पीट्सला जन्मठेप सुनावली. मुलांच्या लैंगिक शोषणाचा संघटित व्यापार चालविल्याबद्दल आपल्या देशात झालेली ही पहिली मोठी शिक्षा म्हणून ओळखली जाते.

ही गोष्ट प्रथम सांगितली, ती तिच्यात एक जुनी खूण दिसते म्हणून. मुलांवरील या अत्याचाराचा आपल्याकडील इतिहास पाहू गेल्यास असे आढळते की, तो स्वतःच्या नावाने कधीच वावरला नाही. त्याने नेहमी एखादे भले, प्रतिष्ठित नाव पांघरले. आणि समाजसेवकाचे काम प्रत्येक पिढीत मुख्यतः हेच राहिले की, ते नाव बाजूला सारून मागे काय आहे ते दाखवावयाचे. या कामात लोक अर्थातच रागावतात. कारण नाव त्यांनाही प्रिय असते.

सर्वांत प्रतिष्ठित नाव होते लग्नाचे. १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय दहा ठेवले होते. त्याहून मोठ्या पत्नीशी पतीने केलेला संग गुन्हा नव्हे. कलकत्त्याची फूलमणी दासी सुमारे अकरा वर्षांची होती. तिशी ओलांडलेल्या पतीच्या संगाने ती मरण पावली. १८९० मध्ये खटला झाला, तेव्हा बलात्काराचा आरोप उभाच राहू शकत नव्हता. कारण तिने दहावे वर्ष ओलांडले होते. पतीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी १८८४ पासूनच बालविवाहाविरुद्ध टिपणे लिहीत होते. त्यांच्या लेखनापेक्षाही परिणामकारक ठरला तो हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांचा व्हाइसरॉयकडे गेलेला अर्ज. या बायका माजघरापर्यंत जात असत, आणि तेथे त्यांनी ज्या मुली पाहिल्या, त्यांच्या जखमांची त्यांनी अर्जात नोंद दिली. वय, दुखापत, परिणाम, बस्स. त्या काळी समाजकार्य हा व्यवसाय नव्हता. पण घरात जाऊन पाहावयाचे आणि पाहिलेले लिहून अधिकाऱ्यापुढे ठेवावयाचे, ही त्याची रीत या बायकांनी घालून दिली, असे म्हणता येईल.

पुढचा वाद आपल्या परिचयाचा आहे. आगरकर, रानडे, तेलंग, भांडारकर एका बाजूला; परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणणारे टिळक दुसऱ्या बाजूला. भांडारकरांनी तर शास्त्रवचने काढून दाखविली. १९ मार्च १८९१ रोजी वय दहाचे बारा झाले. बडोद्यास सयाजीरावांनी १९०४ मध्ये मुलीच्या लग्नासच बारा वर्षांची मर्यादा घातली. १९२८ मध्ये सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली; ती देशभर हिंडली. १८९१ चा कायदा असल्याचे बहुतेकांना ठाऊकच नाही, असे तिला आढळले. सदतीस वर्षांचा कायदा, आणि तो घरात पोचलाच नव्हता! वैवाहिक संबंधासाठी पंधरा वर्षे असावीत, असे समितीने १९२९ च्या अहवालात म्हटले. अठरा वर्षांखालील पत्नीशी संग हा गुन्हा ठरण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑक्टोबर २०१७ चा निकाल उजाडावा लागला.

लग्नाचे पांघरूण तोवर जीर्ण झाले होते असे नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये, म्हणजे गोव्यात पीट्सला अटक झाली त्याच वर्षी, हैदराबादहून दिल्लीस निघालेल्या विमानात एक लहान मुलगी रडत बसली होती. शेजारी साठीचा एक परदेशी अरब होता; तो तिचा पती असल्याचे निघाले. विमानातील एका सेविकेने मुलीजवळ बसून तिला विचारले, तेव्हा सगळा प्रकार कळला. ती सेविका समाजकार्याची पदवीधर नव्हती. तिने केवळ रडणाऱ्या मुलीला रडण्याचे कारण विचारले. इतर प्रवासीही ते रडणे ऐकत होते.

दुसरे पांघरूण देवाचे. याविषयी बेळगावकडच्या आणि गोव्याच्या वाचकांना मी काय सांगावे? सौंदत्तीच्या यल्लम्मेला सोडलेल्या मुलींचे पुढे काय होते, हे त्या वाटेवरच्या प्रत्येक गावाला माहीत होते. मुलीला अजून काही समजत नाही, त्या वयातच तिच्या गळ्यात दर्शन बांधावयाचे. म्हणजे ती वयात आली की, तिच्यावर कोणाचा हक्क हा प्रश्न गावाच्या रीतीने आधीच सुटलेला असे. गोव्यात राजाराम रंगाजी पैंगीणकरांनी आपल्याच समाजातील या प्रथेविरुद्ध उभे राहून शेंसविधीला विरोध केला, ‘मी कोण?’ या त्यांच्या आत्मचरित्राचे नावच त्या मुलांच्या तोंडचा प्रश्न आहे. गडहिंग्लज-निपाणीच्या पट्ट्यात १९७० नंतर कार्यकर्त्यांनी देवदासींना एकत्र आणावयास आरंभ केला. मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा, आंध्राचा १९८८ चा. कायदा झाल्यावर मुली सोडण्याचे काम उजेडातून अंधारात गेले, हेही खरे. पण तेथे यात्रेच्या गर्दीत उभे राहून आईबापांना अडविणारा कार्यकर्ता होता. कायद्याला स्वतःचे पाय नसतात, ते त्याला कार्यकर्त्याचे लागतात.

हे कार्यकर्ते बहुधा आपल्या तळमळीने तयार झाले. त्यांच्याच बरोबरीने मुंबईत दुसरी एक गोष्ट घडत होती. मुंबईचा बालक कायदा १९२४ मध्ये आला. १९२७ मध्ये मुलांना मदत करणारी चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्याच्या दाट वस्तीत शेजारकेंद्र उभारले, आणि तेथील अनुभवातून त्यांना उमगले की, कळवळा पुरत नाही, शिक्षणही हवे. १९३६ मध्ये टाटांच्या साहाय्याने समाजकार्य शिकविणारी देशातील पहिली शाळा निघाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. त्या काळी अनेकांनी याची थट्टाही केली असणार. परोपकार का शाळेत शिकावयाचा असतो? घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी असे विचारले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. पण फातोर्ड्याची हकिगत पाहिल्यावर त्या शिक्षणाचे प्रयोजन ध्यानात येते. परोपकारी माणूस दुसऱ्या परोपकारी माणसाकडे आदराने पाहतो. शिकलेला समाजसेवक त्याच्या आश्रमात जाऊन विचारतो: मुले निजतात कोठे? दरवाजाला आतून कडी आहे का? पाहुणे रात्री कोठे उतरतात? मुलाला तुमच्यावाचून दुसऱ्या कोणाशी बोलता येते का?

हे प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत, तर काय होते, ते दहा वर्षांनी मुंबईत पुन्हा दिसले. कुलाब्याच्या बाजूस आणि मुरुडला ‘अँकरेज’ नावाने रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारे चालत. चालक होते डंकन ग्रँट आणि ॲलन वॉटर्स हे दोन इंग्रज. २००१ मध्ये तेथील मुलांची गाऱ्हाणी पत्रकार मेहेर पेस्तनजी यांच्या कानी गेली; त्यांनी ती मुलांसाठी काम करणाऱ्या वकील महारुख अडेनवाला यांच्याकडे नेली. उच्च न्यायालयाने बालगृहांवर देखरेखीसाठी नेमलेल्या समितीच्या सदस्यांनी मुलांशी बोलून त्यांचे म्हणणे नोंदविले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गुन्हा दाखल झाला. एव्हाना चालक देशाबाहेर गेले होते. वॉटर्स न्यूयॉर्कमध्ये पकडला गेला व तेथून आणावा लागला; ग्रँट पुढे स्वतःच हजर झाला. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षांची सक्तमजुरी दिली. जुलै २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुलांनी सांगावयास उशीर केला, त्यांच्या जबान्यांत फरक आहे, असे आक्षेप पुढे आले होते.

या ठिकाणी कथा संपली असती. शासन अपिलात गेले तसेच संकटातील मुलांसाठी दूरध्वनीची सेवा चालविणारी चाइल्डलाइन ही संस्थाही सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ मार्च २०११ रोजी न्यायालयाने खालच्या न्यायालयाची शिक्षा पुन्हा कायम केली. रस्त्यावर वाढलेल्या मुलांनी, त्यांना आसरा देणाऱ्याविरुद्ध लगेच तोंड उघडले नाही, यात नवल काय? ज्याच्या अन्नावर जगावयाचे, त्याच्याच विरुद्ध सांगावयाचे, तेही कोणाला? पोलिसाला ती मुले पाहताच पळत होती. न्यायालयाने विलंबाकडे मुलांच्या स्थितीतून पाहिले. हे तिसरे पांघरूण, दयेचे, या निकालाने फाटले. पण पहिल्या तक्रारीपासून तोवर जवळजवळ दहा वर्षे गेली होती, आणि ती मुले आता मुले राहिली नव्हती.

चाइल्डलाइनचा उल्लेख आला, तेव्हा तिच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९९६ मध्ये टाटा संस्थेतील अध्यापिका जेरू बिलिमोरिया यांनी मुंबईत तिचा आरंभ केला. निवाऱ्यांतील मुले रात्री-अपरात्री त्यांना दूरध्वनी करीत. त्यातून कल्पना निघाली की, कोठूनही पैसे न पडता लावता येईल असा एक क्रमांक असावा. १०९८. मुलांना तो ‘दस नौ आठ’ असा उतरत्या पायऱ्यांसारखा पाठ झाला. पलीकडून उत्तर देणारा असे समाजसेवक किंवा पूर्वी स्वतः रस्त्यावर राहिलेला तरुण, आणि तो थोड्याच वेळात मुलाजवळ पोचत असे. २०२३ पासून ही सेवा शासनाने आपल्याकडे घेतली व तिची सांगड ११२ या सर्वसाधारण संकट-क्रमांकाशी घातली. शासनाचा हात लांब असतो, हे मान्य. परंतु त्या मुलाला पलीकडे समाजसेवकाचा आवाज हवा होता, ही गोष्ट तिच्या संस्थापकांना अपघाताने सुचलेली नव्हती. या बदलाकडे मी काहीशा काळजीने पाहतो.

आता आपल्या घराकडे वळावयास हरकत नाही. आश्रमांची वार्ता ऐकताना आपल्याला थोडे सुरक्षित वाटत असते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता. त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. मुलगे मुलींहून कमी नव्हते. अत्याचार करणारे पुष्कळदा मुलाच्या ओळखीचे, त्याच्या विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी तो कोणाला सांगितला नव्हता. काका, मामा, शिकवणीचे गुरुजी, शेजारचा दादा: ही आपल्या भाषेतील किती गोड नावे आहेत! लग्न, देव आणि दया यांच्या पंक्तीला नाते येऊन बसते ते असे. घराच्या या नावामागे कोणती समिती जाणार? येथे झडती घेता येत नाही. समाजसेवकाला येथे आधीच जावे लागते. अंगणवाडीत, शाळेच्या वर्गात, आईच्या बैठकीत. मुलाला आपल्या शरीराविषयी शब्द शिकवावे लागतात. ज्या गोष्टीला मुलाजवळ नाव नाही, ती तो सांगणार कशी? आपल्याकडे मुलांना श्लोक पाठ असतात, पाढे पाठ असतात. पण नको असलेल्या स्पर्शाविषयी आईजवळ बोलावयाचे असल्यास त्याने कोणते वाक्य म्हणावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. उलट, मोठ्यांच्या मांडीवर बसण्यास त्याने नकार दिला, तर आपणच त्याला हट्टी म्हणतो.

गोव्याच्या कायद्यानंतर नऊ वर्षांनी सबंध देशासाठी कायदा आला. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा २०१२ चा हा कायदा त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला अमलात आला. गुन्ह्याची माहिती असूनही न कळविणारा स्वतः अपराधी ठरतो, असे त्यात आहे. फातोर्ड्याच्या छायाचित्रकाराचे कलम जणू प्रत्येक नागरिकाला लागू झाले. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला निर्धास्त वाटेल तेथे घ्यावी, घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेश घालू नये, न्यायालयात मुलाला आरोपी दिसू नये, अशा तरतुदी आहेत. त्याच्या नियमांत एका माणसाची सोय आहे, तिला आधार-व्यक्ती म्हणतात. तक्रार झाल्यापासून निकाल लागेपर्यंत हा माणूस मुलाच्या बाजूला राहावयाचा. रुग्णालयात, पोलिसांकडे, न्यायालयाच्या ओसरीवर. पुढची तारीख काय, आज तुला काय विचारतील, वकिलाचा आवाज चढला तरी भिऊ नकोस, हे सांगणारा. बहुधा तो समाजसेवक असतो.

ही व्यवस्था कागदावर आली खरी. प्रत्यक्षात ती इतकी विरळ राहिली की, आधार-व्यक्ती मिळावी याकडे राज्यांनी लक्ष द्यावे, यासाठी सर्वोच्च न्यायालयाला १८ ऑगस्ट २०२३ रोजी सविस्तर आदेश द्यावे लागले. अकरा वर्षांनी. मोरोपंत जोशी यांच्या समितीला कायदा ठाऊक नसलेली माणसे भेटली होती. आज कायदा सर्वांना ठाऊक आहे, आणि मुलाबरोबर न्यायालयाच्या ओसरीवर बसणारे माणूस मिळत नाही. जिल्ह्याच्या गावी अशा खटल्याची तारीख असते, त्या दिवशी मूल सकाळपासून आईजवळ बाकावर बसलेले असते. दुपारी कधीतरी त्याचे नाव पुकारले जाते.